मूळ फोटो पुसायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

‘मोबाइल कंपन्या लपवतात त्या सात ट्रिक्स’ हा मेसेज तुमच्याकडे आला असेल. नसेल आला तर येईल. घरच्या घरी फोटो-व्हिडिओ कसे सांभाळायचे, कसे सुधारायचे याचं ज्ञान त्यात सात मुद्द्यांत वाटलंय. असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. पण परवा मावशीचा फोन आला, “तिसरी ट्रिक करून झाली, आता जुने फोटो डिलीट करू ना?” तिने निदान विचारलं तरी. न विचारता करून मोकळे झालेले किती असतील कोण जाणे.

म्हणून आधी तिसरीच ट्रिक. सगळे फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, गॅलरीतले मूळ पुसून टाका. क्वालिटी तीच राहते आणि जागा वाचते, असं त्यात म्हटलंय.

जागा वाचते हे खरं आहे. का वाचते, हे लिहिणाऱ्याने एकदा स्वतःला विचारायला हवं होतं. जागा वाचते कारण फोटोच लहान होतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. व्हॉट्सॲपच्या साध्या दर्जात पाठवला की त्याची लांब बाजू दीड-दोन हजार ठिपक्यांच्या आसपास येते, म्हणजे बारातले दोन-तीन मेगापिक्सेल उरतात. वर जेपीईजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, आणखी दाबून लहान केली जाते ती वेगळीच. फोनच्या पडद्यावर फरक दिसत नाही, कारण पडदाच लहान. तोच फोटो मोठा छापून घ्या, किंवा घोळक्यातला एक चेहरा कापून वेगळा करा, मग कळेल काय गेलं ते. विश्वास बसत नसेल तर पाठवण्याआधीच्या आणि नंतरच्या फोटोचा तपशील उघडून दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

पण याहून वाईट गोष्ट दिसतच नाही. कॅमेरा प्रत्येक फोटोच्या पोटात काढल्याची तारीख, वेळ आणि चालू असेल तर ठिकाण लिहून ठेवतो. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप ही माहिती काढून टाकतं. दुसऱ्याला पाठवताना ते बरंच आहे, आपल्या घराचा पत्ता फोटोसोबत फिरत नाही. पण स्वतःच्या संग्रहाची त्याने वाट लागते. बारसं, शाळेचा पहिला दिवस, आजोबांची पंचाहत्तरी, सगळं एकाच मंगळवारी घडल्यासारखं गॅलरीत एका तारखेखाली येऊन बसतं. मूळ पुसले असतील तर या तारखा परत आणणारं सॉफ्टवेअर नाही. आठवून आठवून हाताने भरत बसा.

शिवाय या फोटोंचा पत्ता बदललेला नाही. ते त्याच फोनमध्ये, व्हॉट्सॲपच्या फोल्डरात पडलेले असतात. उद्या कोणी ‘स्टोरेज साफ करा’ हा दुसरा मेसेज वाचून तो फोल्डर रिकामा केला की चॅटमध्ये धूसर चौकोन उरतील. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला ‘एचडी’ पर्याय साध्या दर्जापेक्षा बरा, पण तीही मूळ फाइल नव्हे.

चौथा मुद्दा याचाच सख्खा भाऊ: फोटो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, आपोआप जातातच, तेव्हा गॅलरी बिनधास्त रिकामी करा. इथे अर्धं सत्य आहे, मान्य करतो. गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ असा खास पर्याय आहे. बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत तो काढतो. मात्र त्याच ॲपमध्ये फोटो निवडून ‘डिलीट’ केलं तर क्लाउडवरचीही प्रत जाते. हे माझं मत नाही, गूगलच्या मदत-पानावर स्वच्छ लिहिलंय: बॅकअप झालेला फोटो पुसला की तो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, बॅकअप नसलेला ३० दिवस, नंतर कायमचा जातो. आयफोनवर ॲपलचं आयक्लाउड फोटोज चालू असेल तर एका उपकरणावर पुसलेलं सगळ्या उपकरणांवरून पुसलं जातं. दोन ठिकाणी एकच गोष्ट दिसते म्हणजे दोन प्रती आहेत असं नाही. वेगळी हार्ड डिस्क घ्या, मूळ फाइली तिच्यात कॉपी करा, चार-दोन उघडून पाहा आणि मग काय पुसायचं ते पुसा.

आता एआयचा मुद्दा. जुन्या अस्पष्ट फोटोत ‘लपलेले’ तपशील एआय बाहेर काढतं, त्यामुळे जुनी प्रत ठेवायची गरज नाही म्हणे. लपलेलं काही नसतं हो! जे फोटोत उतरलंच नाही ते सॉफ्टवेअर अंदाजाने रंगवतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाचं असंच साधन तयार केलं. धूसर चेहरा द्या, लखलखीत चेहरा घ्या. लोकांनी त्याला बराक ओबामांचा ठिपके-ठिपके झालेला फोटो दिला आणि बाहेर आला एक गोरा माणूस. यातून माणसाची ओळख पटवता येणार नाही, हे साधन अस्तित्वात नसलेले पण खरे वाटणारे चेहरे बनवतं, असं ते संशोधक स्वतःच सांगत होते. नंतरची साधनं जास्त हुशार झालीत, पण काम तेच करतात. पणजीच्या फोटोवर ‘एन्हान्स’ दाबल्यावर पणजीसारखी दिसणारी कोणीतरी बाई मिळते, आणि पुढच्या पिढीला तीच पणजी वाटते. ओरखडे, डाग, उडालेला रंग यांसाठी ही साधनं खुशाल वापरा, चांगली चालतात. फक्त मूळ कागदी फोटो आणि त्याचं साधं स्कॅन जपून ठेवा, आणि सुधारलेल्या प्रतीच्या नावात ‘एआय’ लिहा.

उरलेले मुद्दे झटपट.

डीपीआय ७२ चा ३०० केला की फोटो शार्प होतो? नाही. छापताना इंचात किती ठिपके बसवायचे एवढंच तो आकडा सांगतो, आणि नुसता आकडा बदलल्याने एकही ठिपका वाढत नाही. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० ठिपके पुरतात, ते आहेत का पाहा. स्कॅनरवर मात्र हा आकडा खरंच महत्त्वाचा. जुने फोटो ६०० ला स्कॅन करा.

जेपीईजी नुसती उघडून पाहिल्याने झिजते? मुळीच नाही. फेरफार करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली तर दर वेळी थोडी बिघडते. सगळे बदल एकदाच करून वेगळ्या नावाने सेव्ह करा, विषय संपला.

व्हिडिओच्या नावातलं ‘एमओव्ही’ खोडून ‘एमपी४’ लिहिलं की तो कन्व्हर्ट होतो, हा सहावा विनोद. डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतला पदार्थ बदलत नाही. कधीकधी व्हिडिओ चालतो, कारण एमपी४ ची बांधणी मुळात एमओव्हीवरूनच आलेली आहे. बहुतेक त्यातूनच ही ट्रिक जन्मली. खरोखर बदलायचा असेल तर हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आणि १०८० चा व्हिडिओ ४के मध्ये एक्सपोर्ट केल्याने तो ४के होत नाही. १९२० बाय १०८० चे ३८४० बाय २१६० केले की ठिपके चौपट होतात, त्यात नवा तपशील काहीच नसतो, फाइल मात्र फुगते. अपवाद एकच, तोही नाइलाजाने देतो: यूट्यूबवर टाकायचा असेल तर ४के फाइलला तिथे जास्त बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला जास्त डेटा, मिळतो, आणि तो व्हिडिओ १०८० पेक्षा थोडा स्वच्छ दिसू शकतो. घरच्या टीव्हीवर पेन ड्राइव्ह लावून बघणाऱ्याला याचा काडीचाही उपयोग नाही.