सिंह डोक्यावर

मेथीची जुडी तीस रुपये. मी पन्नासची नोट दिली, मावशींनी दहाची दोन नाणी पुढे केली. ती माझ्या हातात पडायच्या आत शेजारच्या काकांनी मधल्यामधे एक उचललं.

चष्मा कपाळावर, मनगटाला पिशवी, पिशवीतून डोकावणारा दुधी. काकांनी नाणं चिमटीत धरून वरून खाली उलटवलं. "बघा! इकडे दहा सरळ, तिकडे सिंह डोक्यावर! टांकसाळीची चूक. अशा नाण्याला दोन लाख कुठे गेले नाहीत."

"काका, असं उलटवलं तर आपल्या प्रत्येक नाण्यातले सिंह शीर्षासनच करणार. पुस्तकाचं पान उलटतो तसं आडवं फिरवा. मग जर ते तिरके दिसले, तर साचा फिरलाय म्हणायचं."

"तुम्ही टांकसाळीत होता का?"

"नाही."

"मी व्हिडिओ बघितलाय."

झालं! काकांनी दुसरं नाणं घेतलं. "याच्यावर तर सालाखाली खूणच नाही. मारायची विसरले!"

ती खूण टांकसाळीची: मुंबईच्या नाण्यावर हिऱ्याचा चौकोन, हैदराबादच्या चांदणी, नोएडाच्या ठिपका. कोलकात्याची टांकसाळ काहीच मारत नाही. एवढं सगळं मी मंडईत, मेथी काखेत धरून सांगितलं.

"म्हणजे कोलकात्याहून आलंय?" काका म्हणाले. "मग तीन लाख."

खरी चूक शोधावी लागत नाही हो. ठसा एका अंगाला सरकून बाकी जागा कोरी, नाहीतर आधीचं नाणं साच्यालाच चिकटल्यामुळे दोन्हीकडे एकच बाजू, त्यातली एक आरशातल्यासारखी उलटी आणि खोलगट. पण ऐकतंय कोण? आता टोमॅटोवालाही गल्ला उपसून सिंह उलटेपालटे करत होता.

आणि हेच दहाचं नाणं याच मावशींनी परवा "चालत नाही" म्हणून माझ्या अंगावर परत टाकलं होतं! दहाच्या नाण्याचे तोवर आलेले 14 प्रकार सगळे चालतात, असं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलंय. बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेतो सांगून कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहा, हेही 2021 मध्ये सांगून झालं. त्यातलं काहीच मंडईत पोचलं नाही. व्हिडिओ तेवढा पोचला.

मावशींनी दोन्ही नाणी काकांकडून घेतली, पदराच्या टोकाला बांधली.

"मावशी, माझे वीस रुपये?"

"सुट्टे नाहीत, दादा. लिंबं घ्या."

लिंबं चार मिळाली, त्यातली दोन वाळकी. काकांना मूठभर कोथिंबीर फुकट.