भरतीपूर्व प्रशिक्षण नेमके कशाचे?

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या तालुक्याच्या गावी पोलीस भरतीच्या एका वर्गात मराठी व्याकरण शिकवतो. पहाटे पाचला मुले-मुली मैदानावर फक्कीने आखलेल्या धावपट्टीवर चार-चार फेऱ्या मारतात, मुले 7.260 किलोचा आणि मुली 4 किलोचा गोळा फेकून फेकून मनगटे सुजवून घेतात आणि आठ वाजता घामेजलेल्या कपड्यांनीच माझ्यासमोर समास सोडवायला बसतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती आपण त्यांच्याकडून जे घोटून घेतो त्याबद्दल.

शिपाईपदाची मैदानी चाचणी 50 गुणांची आणि लेखी परीक्षा 100 गुणांची असते. लेखीत मराठी व्याकरण आहे, पण सगळे प्रश्न पर्यायी असल्यामुळे उमेदवाराला स्वतःचे असे एकही वाक्य लिहावे लागत नाही. पुढे ठाण्यात रुजू झाल्यावर मात्र फिर्याद, जबाब, पंचनामा असे लिहिण्याचेच काम त्याच्या वाट्याला येते, आणि त्या कागदातली एखादी चुकलेली वेळ किंवा सुटलेली खूण न्यायालयात वर्षांनंतर आड येते.

मागच्या महिन्यात मी वर्गाला सांगितले, ‘‘समजा माझी सायकल बाजारातून चोरीला गेली आहे, माझी तक्रार लिहून घ्या.’’ बहुव्रीही समास झोपेत ओळखणाऱ्या एका हुशार मुलाने तीन ओळींत सायकल गेल्याचे लिहून वही मिटली. कधी गेली, कुठे लावली होती, काहीच नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र अजून लिहायलाच लागली नव्हती. तिने विचारले, ‘‘सर, कुलूप लावलं होतं का? शेवटची कोणी पाहिली? फ्रेमवर काही नंबर आहे का?’’ ती तीन वर्षांपासून होमगार्डमध्ये आहे. जत्रेच्या बंदोबस्तात हरवलेल्या पोरांच्या आयांशी बोलून बोलून तिला हे आले आहे. (माझ्या व्याकरणाचा यात काडीचाही वाटा नाही, हे मान्य करतो.)

भरती होण्याआधी नागरिकाला पोलिसाच्या कामाची ओळख करून देणारी व्यवस्था आपल्याकडे असेल तर ती होमगार्डच आहे, आणि तिथे ठरावीक सेवा केलेल्यांसाठी पोलीस भरतीत 5 टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांतूनच दिलेले) आरक्षणही आहे. बाकी सगळीकडे, म्हणजे बार्टी आणि महाज्योती या सरकारी संस्था, अल्पसंख्याक विकास विभाग यांनी राबवलेल्या मोफत योजनांपासून आमच्यासारख्या पत्र्याच्या शेडमधल्या वर्गांपर्यंत, भर आहे तो भरतीच्या गुणांवर. त्यात दोष कोणाचा म्हणावा? परीक्षेत जे विचारतात तेच शिकवले जाणार.

कायदा आणि कवायत निवडीनंतर तुरची, बाभळगाव, खंडाळा, जालना अशा केंद्रांतल्या प्रशिक्षणात शिकवतातच, मग आधीपासून कशाला, असे माझे एक मित्र म्हणतात. कलमे तिथेच शिकवावीत, हे मलाही पटते. परंतु घाबरलेल्या माणसाचे ऐकून घेणे, त्याला न दुखावता नेमके विचारणे, ऐकलेले जसेच्या तसे कागदावर उतरवणे आणि अपघातात रक्त थांबवणे या गोष्टींना सवय लागते, आणि आमची मुले भरतीची वाट पाहत दोन-दोन, तीन-तीन वर्षे याच मैदानावर घालवतात. त्यांतला रोजचा एक तास यासाठी सहज निघेल.

शिवाय 2024 च्या भरतीत 17,471 पदांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एकेकाचे दोन-तीन अर्ज धरले तरी बहुसंख्य मुले रिकाम्या हातांनी घरी परतली, आणि 1600 मीटर किती सेकंदांत धावता येते याला वयोमर्यादा उलटल्यावर बाजारात कोणी विचारत नाही. त्याऐवजी नीट तक्रार लिहिता येणारा, प्रथमोपचार जाणणारा तरुण ग्रामपंचायतीत, रुग्णालयात, सुरक्षारक्षकाच्या नोकरीत कुठेही कामाला येतो.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. लेखी परीक्षेच्या 100 गुणांतले 20 गुण प्रत्यक्ष लेखनाला द्यावेत; एक प्रसंग सांगावा आणि त्याची फिर्याद लिहायला लावावी. एवढ्या वह्या तपासणे अवघड आहे, असे कोणी म्हणेल. पण लेखीला मैदानीतून निवडलेले, एका जागेमागे दहाच उमेदवार बसतात. तेवढे केले की राज्यातल्या प्रत्येक वर्गाचे वेळापत्रक महिनाभरात आपोआप बदलेल, आमचेही.

ती होमगार्ड मुलगी गेल्या वेळी गोळाफेकीत कमी पडली. सध्या ती पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर येते आणि अंधारात, मोबाइलच्या उजेडात, एकटीच गोळा फेकत असते.