ग्रुपवर राजकारण नको म्हणे!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा पहिला नियम, 'राजकीय पोस्ट टाकू नयेत.' सगळे इमानदारीत पाळतात. आणि त्याच ग्रुपवर गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचा मेसेज: 'पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकबाबत महापालिका निवडणुकीच्या एका पॅनेलशी बोलणी झाली आहेत. सभासदांनी रविवारी टेरेसवर हजर राहावे. उमेदवार येणार आहेत.' खाली अंगठ्यांची रांग.

राजकारणावर बोलायचं नाही, फरशीच्या बदल्यात मतांचा सौदा मात्र करायचा. तोही एकगठ्ठा.

शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे लिहितेय तेव्हा मतदान तोंडावर आहे: १५ जानेवारी २०२६ला राज्यात २९ महापालिकांचं मतदान आहे, त्यातलं कुठलंही घ्या. आमच्याकडे याआधी नगरसेवक निवडले ते २०१७ साली. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक, म्हणजे सरकारने नेमलेला अधिकारी. आधी ओबीसी आरक्षणाचा घोळ, मग प्रभागरचनेचा, मग कोर्ट. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून सुनावलं, तेव्हा गाडी हलली. जवळजवळ चार वर्षं घरपट्टी आपण भरली आणि ती कुठे खर्च करायची हे ठरवताना सभागृहात निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. यावर आमच्या ग्रुपवर एक चकार शब्द नाही. राजकीय पोस्ट ना ती!

या चार वर्षांत आमच्या गल्लीतलं ड्रेनेज दर पावसाळ्यात उलटं आलं. तळमजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये घाण पाणी. तक्रार केली की नंबर मिळायचा, माणूस यायचा नाही. पूर्वीचे नगरसेवक काही संत नव्हते, पण रात्री अकराला त्यांच्या दारात जाऊन बोंब मारता यायची. प्रशासकाच्या दारात कोण जाणार?

घरात मात्र राजकारण चिक्कार. सासरे आणि पुण्याचे धाकटे भावजी विधानसभेच्या वेळी असे भांडले की दिवाळीचा फराळ वेगवेगळ्या वेळी झाला. या निवडणुकीत पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दोन्ही राष्ट्रवादी एकत्र लढतायत आणि राज्यात एका सरकारात बसलेले भाजप नि अजितदादा तिथे समोरासमोर. दोघांचीही पंचाईत झालीय, कुणाच्या बाजूने भांडायचं तेच कळेना. मी सासऱ्यांना विचारलं, "आपला प्रभाग कितवा?" त्यांनी पेपर खाली केला, चष्मा काढला आणि चहा मागितला. दिल्लीत कोण काय म्हणालं ते तोंडपाठ. तरी बरं, पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात.

यंदा भोगी, संक्रांत आणि मतदान सलग तीन दिवस. त्यामुळे हळदीकुंकवाला ऊत आलाय. बाकी पैठणीचे खेळ, देवदर्शनाच्या बस हे सगळं दिवाळीपासूनच चालू आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दुपारी एका पक्षाच्या फेरीत असतात, संध्याकाळी दुसऱ्याच्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "ताई, तुमची सोसायटी फरशी घेते, मी रोजी घेते." गप्प बसले.

तर रविवारी टेरेसवर पॅनेल आलं. आमच्या प्रभागात चार जागा, त्यातल्या दोन महिलांच्या. पत्रकावर उमेदवार ताईंचं नाव मोठं आणि त्यांच्या यजमानांचा फोटो त्याहून मोठा. सेक्रेटरींनी पेव्हर ब्लॉकचं पुराण सुरू केलं. मी मध्येच ड्रेनेजचं विचारलं. यजमान लगेच उठले, "होऊन जाईल वहिनी, शब्द आहे आपला." म्हटलं, ताईंना विचारलंय.

ताई क्षणभर नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या दोन बिल्डिंगा झाल्या, त्यांचं कनेक्शन तुमच्याच जुन्या लाइनला दिलंय. पाइप तेवढाच, घरं तिप्पट. चेंबर साफ करून काही होणार नाही, लाइनच बदलायला लागेल. आमच्याही गल्लीत तेच झालंय."

चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कारण सांगितलं! यजमान मोबाइल बघायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, "ते नंतर बघू, आधी ब्लॉकचं फायनल करू." चिडले मी. पार्किंगची फरशी आपण वर्गणी काढून घालू शकतो हो, रस्त्याखालची लाइन नाही घालू शकत. उमेदवाराच्या खिशातून घेतलेली फरशी तो पुढची पाच वर्षं कुठून वसूल करणार, हे काय सांगायला हवं? उद्या ड्रेनेजचं विचारायला गेलो तर म्हणेल, तुमचं काम तर आधीच केलं.

त्या ताईंना मत देणार का, ते ठरलेलं नाही. त्यांच्या पॅनेलमधल्या एकाला तर नक्कीच नाही. आणि चारही मतं एकाच चिन्हाला द्यायची सक्ती नाही, हे ग्रुपवर लिहिलं तर दोन मिनिटांत सेक्रेटरींचा फोन, "मॅडम, राजकीय पोस्ट डिलीट करा." केली नाही. अ, ब, क, ड अशा चार जागांची चार बटणं दाबायची आहेत. एखाद्या जागेचा कुणीच पटत नसेल तर तिथे 'नोटा'चं (यापैकी कुणी नाही) बटण आहे, पण एक बटण दाबून घरी येऊ नका.

येत्या रविवारी दुसरं पॅनेल येतंय. ड्रेनेजचा प्रश्न कागदावर लिहून काकूंकडे दिलाय. पहिल्या त्याच बोलतील, बाथरूम त्यांचं आहे.