झाडाचा घेर, म्हाताऱ्याचा पीळ

जुना ओक मोजायला दोन माणसं लागतात, कारण टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. बायको ‘मी गाडीतच बरी’ म्हणाली आणि परवा लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात माझ्या वाट्याला एक म्हातारा आला.

जुन्या झाडांची नोंद करायची म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा घेर घ्यायचा, फोटो काढायचा, नकाशावर जागा दाखवायची. हॉलीच्या काट्यांतून वाट काढत मी खोडाला कवटाळलं, तेवढ्यात मागून आवाज आला, “तोडणार का?”

“नाही हो, मोजतोय.”

“कौन्सिलचे?”

“छे, हौस.”

त्याचा विश्वास बसेना. हातात कुत्र्याच्या विष्ठेची पिशवी लोंबकळवत उभा असलेला माणूस माझ्याकडे संशयानं बघत होता, हे ध्यानात घ्या. मग त्यानं मालकी सांगितली. याच झाडाच्या फांद्या म्हणे त्याचे खापरपणजोबा सरपणाला छाटायचे. १८७८ च्या कायद्यानं तो हक्क गेला, त्याचा राग अजून ताजा होता. जणू मीच लंडनहून येऊन कुऱ्हाड काढून घेतली! शिवाय म्हणे लढाई हरून पळालेला दुसरा चार्ल्स राजा याच झाडात लपला होता. तो १६५१ साली लपला तो ओक तिकडे दूर बॉस्कोबेलला, पण बोलतो कोण? आपल्याकडे प्रत्येक देवळातून किल्ल्यापर्यंत भुयार असतं, तसा इंग्लंडातल्या प्रत्येक ओकात एक राजा असतो.

“तुमच्याकडे असतात का एवढी झाडं?”

मी आंध्रातला तिम्मम्मा मरीमानू सांगितला. एकच वड, पसारा पावणेपाच एकरांच्या आसपास.

“पारंब्या असतील. ते धरत नाहीत.”

कोण धरत नाही? कुठल्या कमिटीनं ठरवलं? मी पारंब्यांच्या बाजूनं तावातावानं भांडलो, आणि भांडताना आठवलं की महाराष्ट्रात पन्नास वर्षांचं झाड कायद्यानं ‘हेरिटेज’ ठरतं. त्या वयात ओकाला कुठे नीट फळं धरू लागतात. आणि आपली ती हेरिटेज मंडळी रस्ता रुंदीकरणात किती टिकतात, हे त्यानं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? सुदैवानं त्याला आपल्याखेरीज कशाबद्दलच कुतूहल नव्हतं.

शेवटी टोक त्यानंच धरलं. घेर भरला ५.८४ मीटर. “वीस फूट लिहा,” म्हणाला. एकोणीसच होतात म्हटल्यावर त्यानं टेप सैल सोडली, “आता बघा.” कुत्र्यानं उरलेली टेप तोंडात धरून नेच्यांत नेली.

एवढ्यात एक बाई आल्या. काय चाललंय, त्यांनी विचारलं. त्याला, अर्थात.

“झाड मोजतोय,” म्हातारा छाती काढून म्हणाला, “हे मला मदत करतायत.”

बाई माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या. मग एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं उच्चारत म्हणाल्या, “छान हं. असं बाहेर पडत जा. ओळखी होतात.”