खुर्ची खाली गेली, पगाराचं काय?

एसटीचा २०२१-२२ चा संप विलीनीकरणावर अडला. २०२३ मध्ये कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला, गाजला आणि मागे घेतला गेला. दोन्ही वेळा परदेशस्थ मराठी मंडळींचं वाक्य ठरलेलं होतं: 'अमेरिकेत असले लाड नाहीत.'

खासगी कंपन्यांपुरतं ते बरंचसं खरं आहे. युनियन नसेल, करार नसेल, तर उद्यापासून कमी पगार देऊ म्हणायला इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मालकाला फारसं कुणी अडवत नाही. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरीत १९७८ च्या नागरी सेवा सुधारणा कायद्यापासून याच्या नेमकं उलट चालतं. पद खालच्या श्रेणीत टाकलं, तरी त्यावर बसलेल्या माणसाचा पगार खाली आणता येत नाही. लाड म्हणायचे तर हे लाडच. फक्त ते मोजूनमापून केलेले आहेत.

कार्यालयाचा पसारा कमी झाला, कामाची फेरतपासणी झाली आणि जीएस-१२ चं पद जीएस-११ ठरलं असं समजा (जीएस म्हणजे केंद्र सरकारी पगारश्रेणींचा तक्ता; आकडा मोठा तशी श्रेणी वरची). पद खाली येण्याआधी किमान वर्षभर सलग त्या वरच्या श्रेणीत वर्गीकृत असेल, तर कर्मचाऱ्याची जुनी श्रेणी २ वर्षं कागदावर टिकते. पगार, वेतनवाढ, निवृत्तीचा हिशेब, सगळं जीएस-१२ चंच. वर्षाची अट बसत नसेल, तर ही दोन वर्षं मिळत नाहीत आणि थेट पुढचा टप्पा लागतो.

पुढचा टप्पा म्हणजे वेतन संरक्षण. प्रत्येक श्रेणीला किमान ते कमाल पगाराचा पट्टा असतो आणि त्यात ठरलेल्या पायऱ्या. जुना पगार जीएस-११ च्या पट्ट्यात बसत असेल तर प्रश्नच नाही. दोन पायऱ्यांच्या मधे पडला, तर वरची पायरी मिळते. पट्ट्याच्या कमाल मर्यादेच्याही वर असेल, तर आकडा तसाच राहतो. मात्र तो त्या कमाल मर्यादेच्या १५० टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. पायऱ्यांची वेतनवाढ इथे थांबते. दरवर्षीच्या सर्वसाधारण वाढीत खालच्या श्रेणीची कमाल मर्यादा जेवढ्या डॉलरनी वाढते, त्याच्या निम्मे डॉलर या माणसाला मिळतात.

सोयीचे आकडे घेऊ. पगार ९६,००० डॉलर, नव्या श्रेणीची कमाल मर्यादा ९०,०००, वाढ दरवर्षी २ टक्के. पहिल्या वर्षी मर्यादा १,८०० नी वाढते, कर्मचाऱ्याला ९०० मिळतात. ६,००० चं अंतर ५,१०० वर येतं. याच गतीने सातव्या वर्षी मर्यादा पगाराला गाठते आणि संरक्षण आपोआप संपतं. त्याला वेगळी मुदत नाही. कुणाचा पगार कापला जात नाही आणि सरकारही जास्तीचा बोजा जन्मभर वाहत नाही. मला हे 'निम्मं' फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे अशी सोय अजिबातच नाही असंही नाही. केंद्राच्या मूलभूत नियम ९(२३) मध्ये 'वैयक्तिक वेतन' आहे: शिस्तभंगाखेरीज इतर कारणाने मूळ वेतन घटत असेल, तर फरक भरून काढण्यासाठी. पण हा फरक सहसा पुढच्या वाढींमध्ये सामावून घेतला जातो. म्हणजे तो भरेपर्यंत दोन्ही मिळून हातात येणारी रक्कम जिथल्या तिथे. कारखान्यांसाठी सेवाशर्ती बदलण्याआधी २१ दिवसांच्या नोटिशीची अट आहे, पण नोटीस म्हणजे वेळ, पैसे नव्हेत.

यात युनियन कुठे? हे आपल्या चर्चेत हटकून चुकतं. अमेरिकेतल्या बहुतेक केंद्र सरकारी युनियनना पगारावर सौदा करताच येत नाही (टपाल खातं हा मोठा अपवाद). पदाचं वर्गीकरणही सौद्याच्या बाहेर. हातात उरतं ते बदल कधी, कसा, कोणाला आधी कळवून करायचा एवढंच. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अनेक खात्यांतला सामूहिक सौद्याचा हक्क काढून घेतला, तेव्हा वेतन संरक्षण त्यासोबत गेलं नाही. ते करारात नव्हतंच, कायद्यात होतं.

पण युनियनवाल्याशिवाय तारखा कोण सांभाळणार? वर्गीकरणाविरुद्ध अपील एरवी केव्हाही करता येतं, पण मागील तारखेपासून श्रेणी परत हवी असेल तर बदल लागू झाल्यापासून १५ दिवसांत ते दाखल व्हावं लागतं. त्याआधी कामाचं वर्णन वाचायचं: माणूस रोज करतो ती निर्णयाची कामं त्यात आहेत की गळली आहेत? श्रेणी तिथेच जाते.

बाकी नुकसान बहुधा कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सहीने होतं. कटकट नको म्हणून त्याने 'मलाच खालचं पद द्या' असा अर्ज केला की संरक्षण नाही, कारण बदल त्याच्या विनंतीवरून झाला. राजीनामा देऊन दुसऱ्या खात्यात जाताना मधे कामाचा एक दिवस जरी रिकामा गेला, तरी संपलं. तितक्याच किंवा जास्त पगाराच्या पदाचा रीतसर लेखी देकार नाकारला तरी तेच. स्वस्त शहरात बदली घेतली, तर पगार आधी त्या शहराच्या दराने बदलतो आणि मग संरक्षण लागतं. शहरामुळे झालेली घट कुणी भरून देत नाही. तात्पुरत्या आणि मुदतीच्या नेमणुकांना यातलं काहीच नाही, म्हणजे कंत्राटी माणूस इथेही उघड्यावरच.

सगळं झाल्यावर एसएफ-५० नावाचा आदेश हातात येतो. त्यात पगार कशाच्या आधारे ठरला याचा कोड २९ व्या रकान्यात असतो. संरक्षित पगार असूनही तिथे नेहमीचा शून्य पडला असेल, तर त्याच आठवड्यात आस्थापना विभागाला लेखी कळवावं. पुढच्या जानेवारीतली निम्मी वाढ त्या नोंदीवरच निघते.