रिकामा डबा परत द्यायचा नाही

काल रात्री माळ्यावरून फराळाचे स्टीलचे डबे काढले. सहा निघाले. दोनांवर सासूबाईंचं नाव घातलेलं, एकावर माझ्या आईचं, आणि एकावर मला अजिबात माहीत नसलेल्या कोणा बाईंचं नाव, म्हणजे कधीतरी हा डबा चकल्या नाहीतर लाडू घेऊन आमच्याकडे आला असणार आणि तसाच राहून गेला असणार. सासूबाईंना दाखवला तर दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, अगं ह्या आपल्या जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर राहायच्या, काय जाळीदार अनारसे असायचे त्यांचे! आणि झाकण उघडून त्यांनी चक्क वास घेतला. वीस-पंचवीस वर्षांनी डब्याला काय वास येणार, पण घेतला.

त्या डब्यावरूनच लिहायला बसलेय. लांबेल जरा, पण वाचा.

गेल्या दिवाळीत माझ्याकडून एक गोष्ट झाली ती वर्षभर मनातून गेलेली नाही. आमच्या त्याच चाळीतल्या एक काकू आता ठाकुर्लीला राहतात, चौथा मजला, काका गेले, मुलगा पुण्याला नोकरीला. लहानपणी माझ्या नवऱ्याला यांनी शाळेतून आल्यावर किती वेळा जेवायला वाढलंय त्याची गणती नाही. दरवर्षी आम्ही फराळ घेऊन जायचो, गेल्या वर्षी मात्र माझं ऑफिसचं काम, मुलीची परीक्षा, त्यात घराचा रंग काढलेला, म्हणून मी डबा भरला आणि मोबाइलवरून एका डिलिव्हरीवाल्याला बोलावून पाठवून दिला. डोंबिवली ते ठाकुर्ली. एक स्टेशन! डबा खाली वॉचमनकडे राहिला, काकूंना दुसऱ्या दिवशी मिळाला, चकल्यांचा चुरा झालेला. काकूंचा फोन आला, छान झालंय हो सगळं, चिवडा तर फारच सुंदर. मी म्हटलं चला, पोचलं.

मग संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेले तर काकूंनी आतून माझा डबा आणला, गच्च भरलेला, गुळाच्या वड्या आणि तिळाचे लाडू. म्हणाल्या, रिकामा कसा देऊ गं, तू येशील तेव्हा देईन म्हणून ठेवला होता. आणि मग अगदी सहज, तक्रारीचा सूरसुद्धा नाही, म्हणाल्या की दिवाळीत मला वाटलं तुम्ही याल, म्हणून दोन दिवस दुपारची आडवी नाही झाले, बेल ऐकू आली नाही तर काय घ्या.

मला तिथे बसून पाणी गिळता येईना.

तर माझं ठाम मत झालंय ते असं, की ज्या घरापर्यंत आपण स्वतः जाऊ शकतो त्या घरी दिवाळीचा डबा, गिफ्ट, मिठाई काहीही दुसऱ्याच्या हातून पाठवू नये. स्वतः जायचं. अर्धा तास बसायचं. पाणी प्यायचं, त्यांच्याकडची करंजी खायची, पोट भरलेलं असलं तरी अर्धी खायची. डबा हे जायचं निमित्त आहे हो, आत काय आहे ते नंतर. आपल्या आज्या-आया रिकामा डबा परत देत नव्हत्या, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायच्या, त्यामुळे डबा सतत कोणाच्या ना कोणाच्या घरी असायचा आणि तो परत करायला कोणीतरी यायचंच. येणं-जाणं सुरू राहायचं त्यामुळे. ऑनलाइन गिफ्टच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सचं काय करतो आपण? कचऱ्यात. संपला विषय, परत यायचं कारणच उरलं नाही.

लोक म्हणतात वेळ कुठाय फराळ करायला. मान्य आहे शंभर टक्के. मी पण सगळं नाही करत. शेव आणि शंकरपाळे मी सरळ आमच्या गल्लीतल्या एका ताईंकडून घेते, त्या आणि त्यांच्या दोन जावा मिळून ऑर्डरी घेतात, तेल ताजं वापरतात आणि दिवाळीच्या कमाईवर मुलांची फी भरतात. त्यात कमीपणा कसला? बायकांनी रात्र रात्र जागून सात पदार्थ केलेच पाहिजेत असं मला अजिबात वाटत नाही, आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी खूप कंबरडी मोडून घेतली त्यापायी. विकतचा आणा, पण आपल्या डब्यात भरा आणि आपण घेऊन जा.

चकली मात्र मी घरी करते, आणि ती एकटीने करत नाही. भाजणी सासूबाईंच्या प्रमाणाची, ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूगडाळ, वर धणे आणि जिरे. तांदूळ-डाळी धुवून सावलीत कापडावर वाळवायच्या, एकेक वेगळं मंद आचेवर भाजायचं, घाई केली की डाळ वरून लाल आणि आतून कच्ची राहते. सासूबाईंच्या हाताला आता सोऱ्या फिरवायचा जोर नाही, त्या ओट्याशी खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात. खरंच सांगते, आवाजावरून. चकली तेलात पडली की आधी खूप बुडबुडे येतात, सरसर आवाज असतो, मग तो कमी कमी होत जातो, आणि एका क्षणाला त्या म्हणतात, आता काढ. एक काढून मोडून बघितली की आतून नळी पडलेली असते, काटा सुरेख आलेला असतो. गेल्या वर्षी नवऱ्याने सोऱ्या फिरवला, लेकीने कागदावर चकल्या पाडल्या, पहिल्या पाच-सहा वाकड्यातिकड्या झाल्या त्या सासऱ्यांनी गरम गरम खाल्ल्या आणि म्हणाले, ह्याच सगळ्यात चांगल्या लागतायत. ती संध्याकाळ मला कुठल्याही हॉटेलच्या जेवणापेक्षा जास्त आवडते. टीव्ही बंद, मोबाइलला तेलकट हात लावता येत नाही, त्यामुळे सगळे एकमेकांशी बोलतात.

बाहेर जायचं म्हणाल तर आमच्या डोंबिवलीकरांना नरक चतुर्दशीची पहाट म्हणजे फडके रोड. पहाटे उटणं, मोती साबण, अभ्यंगस्नान, कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, नवे कपडे घालायचे आणि थेट गणपतीच्या देवळात, तिथून फडके रोडवर. पोरं झब्ब्यात, पोरी साड्यांमध्ये नाहीतर परकर-पोलक्यात, शाळेतले जुने मित्र बरोबर तिथेच भेटतात, ठरवायला लागत नाही. ठाण्यात राम मारुती रोडला आणि तलावपाळीला असंच असतं, पुण्यात सारसबागेत दिवाळी पहाटेच्या गाण्यांना लोक अंधारात जाऊन जागा धरतात. एक पैसा लागत नाही या आउटिंगला. पण माझ्या मनात एक विचार येतो की फडके रोड तरुणांचाच कशाला, ज्यांनी ह्या रस्त्यावर पन्नास वर्षांपूर्वी नवे कपडे घालून चक्कर मारली ते आज घरात बसून खिडकीतून फटाक्यांचा आवाज ऐकतात. त्यांना न्या ना. गर्दी होण्याआधी, साडेसहाच्या सुमाराला, रिक्षाने देवळापर्यंत, दर्शन, एखाद्या दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटं बसवायचं आणि घरी. गुडघे दुखतात म्हणून आपणच ठरवून टाकतो की त्यांना नको असेल. विचारून तर बघा!

गिफ्टचं म्हणाल तर काजू-बदामाचा तो चार कप्प्यांचा बॉक्स मला खरंच आवडत नाही, कारण तो देणाऱ्यानेही बघितलेला नसतो आणि घेणाराही तसाच पुढे देतो. त्याऐवजी दिवाळी अंक द्या. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली, शंभराच्या वर वर्षं झाली, फराळाच्या ताटाशेजारी मासिकं पाहिजेत असा आपला सण. वडिलांना काय आवडतं, आईला काय, भाच्याला काय, हे आठवून अंक निवडायला आपल्याला दुकानात उभं राहून चाळायला लागतो, तेवढा वेळ आपण त्या माणसाचा विचार करतो. बऱ्याच लायब्रऱ्यांची दिवाळी अंक योजना असते, एकदाच पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून आणायचे, सासऱ्यांना मी गेली तीन वर्षं तीच भेट देतेय, लायब्ररीपर्यंत चालणंही होतं त्यांचं. काकूंची नजर आता अधू झालीये, त्यांच्यासाठी यंदा माझी लेक एक कथा मोठ्याने वाचून दाखवणार आहे, ती तिची स्वतःची आयडिया, मी फक्त हो म्हटलं.

मुलांचा किल्ला! ह्यावर मी वेगळी पोस्ट लिहू शकते इतकं माझं प्रेम आहे त्यावर. विटा, दगड, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर हळीव पेरायचे, चार-पाच दिवसांत हिरवंगार, मग सिंहासनावर महाराज, पायथ्याशी मावळे, आणि एखादी गवळण हमखास नको तिथे उभी केलेली असते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले, ११ आपल्या महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या पोरांना तो विषय पुरलाय. एका मुलीने टबात पाणी भरून सुवर्णदुर्ग केला. तयार प्लास्टरचे किल्ले मिळतात बाजारात, कृपा करून नका आणू, नखात चिखल जाऊ दे मुलांच्या आणि त्यांच्या बाबांच्या पण.

आणि जमलं तर भाऊबीजेनंतर एक दिवस खऱ्या किल्ल्यावर जा. आम्ही लोहगडला गेलो होतो, दीर-जाऊ, नणंद, पोरं धरून अकरा जण. ट्रेनने लोणावळा, तिथून पुण्याची लोकल धरून मळवली. आम्ही मोठी माणसं आणि लहान पोरं गाडी करून लोहगडवाडीपर्यंत गेलो, बाकीचे भाजे गावावरून चालत आले. पायऱ्या चांगल्या आहेत. सासरे पहिल्या, म्हणजे गणेश दरवाजापर्यंत चढले आणि म्हणाले मी इथे बसतो, तुम्ही या जाऊन. लेक त्यांच्याजवळ थांबली. आम्ही वरून विंचूकाटा, म्हणजे गडाची ती लांब सोंड बघून, पवना धरणाचं पाणी बघून खाली आलो तर आजोबा आणि नात चिवड्याचा डबा उघडून बसलेले, आणि आजूबाजूच्या अनोळखी चार-पाच जणांच्या हातावर पण चिवडा होता. एक कुटुंब सोलापूरचं होतं, त्यांनी त्यांच्याकडची शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली. झालं, तिथे पंगतच बसली. (जाताना प्लास्टिक नेऊ नका, नेलं तर परत आणा, दिवाळीनंतर गडांवर जो कचरा दिसतो तो बघून पोटात तुटतं.)

ही डब्याची रीत काही फक्त आपली नाही बरं का. माझी कॉलेजातली मैत्रीण मडगावला असते. तिच्याकडे पहाटे नरकासुर जाळून झाला की पोहे, त्यांच्या भाषेत फोव, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे, आणि शेजारपाजारचे सगळे खायला येतात, ख्रिश्चन शेजारीसुद्धा. मग डिसेंबरात नाताळला त्याच शेजारच्या घरातून ताट येतं, त्याला कोंसुआद म्हणतात, नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, वर रुमाल झाकलेला. ती सांगते, ताट घेऊन त्या घरातलं कोणीतरी स्वतः येतं, आणि नेवरी म्हणजे आपली करंजीच! मी ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, दोन घरं, दोन देव, आणि नेवरी दोन्हीकडे.

माझा भाऊ परदेशात आहे, त्याला कुरिअरशिवाय इलाज नाही, त्याचं पार्सल महिनाभर आधी जातं आणि चकल्या करताना त्याला व्हिडिओ कॉल लावून ओट्यावर फोन टेकवून ठेवतो. तो काही बोलत नाही फार, नुसता बघत बसतो. ते अंतर वेगळं आहे, त्याबद्दल मी बोलतच नाहीये. मी बोलतेय ते एका स्टेशनबद्दल, दोन गल्ल्यांबद्दल, लिफ्टने तीन मजल्यांबद्दल.

यंदा वसुबारसेच्या दिवशीच पहिला डबा काकूंकडे जाणार, नवरा, लेक आणि मी. नवऱ्याने आत्ताच फोन करून सांगितलंय की सकाळी अकराला येतो म्हणजे त्यांची दुपारची झोप मोडणार नाही, आणि चतुर्दशीला पहाटे रिक्षा घेऊन न्यायला येतो, फडके रोडला जायचंय. काकू म्हणाल्या, अरे मी कुठली साडी नेसू?

आणि तो अनोळखी नावाचा डबा. सासूबाईंनी सकाळपासून तीन फोन केलेत जुन्या चाळीतल्या लोकांना. त्या बाई बदलापूरला लेकीकडे असतात असं कळलंय, ऐंशीच्या पुढे आहेत. सासूबाई म्हणतात ह्यात बेसनाचे लाडू भरायचे, त्यांना आवडायचे. पाडव्यानंतरच्या रविवारी जाणार आम्ही. भाजणी उद्या सकाळी दळायला न्यायचीये, गिरणीवाल्या दादांना सांगून आलेय की गव्हावर नको, तांदळावर दळा, ते म्हणाले आठच्या आत या वहिनी, नंतर रांग लागते.