पाचची पेटी, पाचची गाडी

आंब्याच्या धंद्यात नऊ वर्षे कारकुनी केल्यावर आपल्याला मुलाखत द्यावी लागेल, असे मला कधी वाटले नव्हते; कारण रत्नागिरीत नोकरी मागायची म्हणजे कोणाच्या तरी मामांना भेटायचे आणि आपण कोणाचे कोण हे त्यांना पटवून द्यायचे, एवढाच विधी मला ठाऊक होता. परंतु फळप्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीने माल रवाना करण्याच्या कामासाठी सुपरवायझर हवा अशी जाहिरात दिली, मी अर्ज केला, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने फोनवरून माझी शिकवणी सुरू केली.

"मामा, एक प्रश्न हमखास विचारतील. कामाच्या ठिकाणी संवादात अडचण आली, असा एखादा प्रसंग सांगा."

"एखादाच?" मी विचारले.

तिने मला चार पायऱ्या पाठ करायला लावल्या : परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि निष्पत्ती. यांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून या पद्धतीला 'स्टार' म्हणतात. माणूस पूर्वी जसा वागला तसाच पुढेही वागेल, असे या प्रश्नामागचे गृहीतक आहे, हे तिने सांगितले आणि त्या रात्रीची माझी झोप उडाली. उत्तर दोन मिनिटांत संपवायचे, 'आम्ही केले' न म्हणता 'मी केले' म्हणायचे, जुन्या मालकाची निंदा करायची नाही, सहकाऱ्याचे नाव घ्यायचे नाही आणि शेवट गोड करायचा, अशी पथ्येही होती.

पहिल्या तीन पायऱ्या मला जमल्या असत्या. चौथीचे काय करावे हे कळेना. कोकणात परिस्थिती मुबलक आहे, निष्पत्ती नाही. शेजाऱ्याशी बांधावरून चाललेला आमचा वाद आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे सुस्थितीत आलेला आहे. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी देवगडचा श्रेष्ठ की रत्नागिरीचा हे चहाच्या टपरीवर अजून ठरलेले नाही, आणि ठरले तर टपरीचा धंदा बसेल.

दुसरी अडचण शब्दांची. आमच्याकडे 'बघूया' याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे बाहेरच्या माणसालाही दोन-तीन वर्षांत कळते. 'होय' हा शब्द मात्र फसवा आहे. आमचे मुकादम तात्या प्रत्येक सूचनेला 'होय' म्हणत, आणि त्याचा अर्थ 'तू बोललास ते माझ्या कानावर पडले' इतकाच असे. त्यात संमती धरायची नसते, हे समजण्यात माझे दोन हंगाम गेले.

शेवटी मी तात्यांचाच एक प्रसंग निवडला. एप्रिलमध्ये एकदा वाशीच्या दलालाचा फोन आला, "उद्या पाचची पाठवा." मी कामात होतो, म्हणून तोच निरोप शब्दशः तात्यांना दिला. दलालाला पाच डझनांच्या पेट्या हव्या होत्या. तात्यांनी पाच वाजताची गाडी असा अर्थ घेतला आणि मोठ्या फळाच्या, चार डझनांच्या पेट्या भरून ती गाडी अगदी वेळेवर सोडली. दलालाने वाशीहून फोनवर जे ऐकवले ते दोन मिनिटांत बसणारे नव्हते, आणि पुढे आलेल्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, त्याने भाव असा पाडला होता, की मोठे फळ देणे हा गुन्हा असावा.

मुलाखतीला तिघे होते. पुण्याहून आलेल्या मनुष्यबळ विभागाच्या बाई, कारखान्याचे व्यवस्थापक, आणि कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले कंपनीचे वयस्कर मालक. बाईंनी अपेक्षित प्रश्न विचारला आणि मी गाडी सोडली. चूक माझ्या निरोपाची होती, हे मी प्रामाणिकपणे 'मी' म्हणत सांगितले. त्यानंतर प्रत्येक ऑर्डर वहीत लिहून, डझन, पेट्या आणि गाडीची वेळ वेगवेगळ्या रकान्यांत मांडून, मुकादमांकडून ती मोठ्याने वाचून घेण्याची पद्धत मी सुरू केली, हेही सांगितले. तात्या चष्मा घरी विसरत आणि पाठ केल्यासारखे वाचत, एवढे मात्र गाळले. बाई भराभर लिहून घेत होत्या. निष्पत्ती म्हणून, तसा घोळ पुन्हा झाला नाही, असे मी म्हणालो. ते खरेच होते. पुढचे घोळ वेगळे होते.

"त्या सहकाऱ्याशी तुमचे संबंध नंतर कसे राहिले?" बाईंनी विचारले.

मी तोंड उघडण्याआधीच मालकांनी डोळे उघडले. "हा मुकादम म्हणजे चष्मा विसरणारा ना? साखरप्याकडचा?"

मी चष्म्याचा उल्लेखही केला नव्हता. नाव न घेण्याचे भाचीचे पथ्य पुण्यात चालत असेल. इथे मुकादम, एप्रिल आणि वाशी एवढ्या तीन खुणांवर माणूस घरच्या पत्त्यासह सापडतो. "माझ्या चुलतबहिणीचा दीर," मालकांनी बाईंना माहिती पुरवली, आणि पुढची दहा मिनिटे मुलाखत त्या दिराच्या मुलीच्या लग्नाबद्दल झाली. बाईंनी लिहिणे थांबवले होते.

निघताना बाई म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला आठ दिवसांत नक्की कळवू." मी आनंदाने नमस्कार केला. त्यावर मालक म्हणाले, "बघूया."

एसटीने घरी पोहोचायला मला दीड तास लागला. पायरीवर चपला काढतो न काढतो तोच तात्यांचा फोन आला.

"पाचच्या गाडीची गोष्ट तिथे सांगितलीस म्हणे."

"तात्या, मी तुमचे नाव घेतले नाही. चूक माझीच, असे सांगितले."

"होय," तात्या म्हणाले.